अरे, कॉम्प्युटर बोलायला लागलाय

शनिवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तेवढ्यात कराडहून आईचा फोन. हॅलो नाही काही नाही, डायरेक्ट "अरे, कॉम्प्युटर बोलायला लागलाय." मागून खरंच एक बाई इंग्लिशमध्ये काहीतरी ठणकावून सांगत होती आणि मधे मधे भोंगा. आई म्हणे स्क्रीन लाल झालीय, माऊस हलत नाहीये, व्हायरस आलाय म्हणतंय, बंद केलं तर सगळा डेटा जाईल म्हणतंय आणि खाली मायक्रोसॉफ्टचा फोन नंबर दिलाय, "करू का त्यांना फोन? आणि त्यांना आपलं गावही कळलंय बघ, फक्त कराडच्या ऐवजी पुणे दाखवतायत."

फोन करू नकोस, आधी आवाज बंद कर म्हटलं. तर तिने आवाज बंद केला नाही, मेन स्विचच पाडला. शेजारच्या काकूंना ऐकू जाईल याची जास्त काळजी! खरं सांगायचं तर मी सांगणार होतो त्यापेक्षा तिचा उपाय फार वाईट नव्हता. न सेव्ह केलेलं काही असलं तर जातं, पण व्हायरस वगैरे काही होत नाही.

गंमत पुढे. दहा मिनिटांनी चालू केलं, क्रोम उघडलं, तर क्रोमने विचारलं की मागची पानं रिस्टोअर करू का. रिस्टोअर म्हणजे दुरुस्त असं समजून तिने आनंदाने हो म्हटलं आणि ती बाई परत सुरू.

मग अर्धा तास फोनवर क्लास. एस्केप दाबून धर, सोडू नकोस. मग ऑल्ट आणि एफ४ एकदम. "ऑल्ट कुठेय?" स्पेसबारच्या डावीकडे. "इथे दोन आहेत." कुठलाही चालेल. शेवटी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी) आला, त्यातून क्रोम एंड टास्क करून बंद केलं आणि परत उघडल्यावर रिस्टोअरला हात लावायचा नाही असं बजावलं. पस्तीस वर्षं मराठी शाळेत मुलांना शिकवलेली बाई आहे, तिने हे सगळं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

आता मुद्दा. असं काही झालं की घरातला जो कोणी कॉम्प्युटरवाला असतो (आमच्यात मी) तो आधी ओरडतो की तू कुठे क्लिक केलंस. मी पण ओरडलो. नंतर शांतपणे बघितलं तेव्हा वाटलं की आईने चूक अशी काय केली? तो व्हायरस नव्हताच, एक साधं वेबपेज होतं. कुठेतरी क्लिक केलं की ते फुल स्क्रीन होतं, वरची ॲड्रेसची पट्टी दिसेनाशी होते, त्यात स्कॅन चालू असल्याचं चित्र पळतं आणि तुम्हाला वाटतं विंडोजच बोलतंय. वेबपेजला तुमची हार्ड डिस्क स्कॅन करता येत नाही. गाव कळतं ते आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या नंबरवरून. तो तर प्रत्येक साइटला दिसतो, पण त्यावरून गाव अंदाजेच कळतं, आणि म्हणूनच कराडचं पुणे झालं. पण हे तिला कोणी कधी सांगितलं होतं? उलट वीस वर्षं आपण तिला शिकवलंय की कॉम्प्युटर सांगतो तसं कर, ओके म्हणाला तर ओके दाब.

आणि माझा खरा राग त्या चोरांवर आहेच, पण त्याहून जास्त चांगल्या म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांवर आहे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपबरोबर एक अँटीव्हायरस फुकट ट्रायल म्हणून आला होता. ट्रायल संपल्यावर रोज कोपऱ्यातून लाल डबा, "तुमचा पीसी धोक्यात आहे", आणि बंद करायची फुली इतकी बारीक की चष्मा लावून शोधावी लागते. मला सांगा, या डब्यात आणि आईच्या त्या बाईत आमच्या आईने फरक ओळखायचा कसा? रंग तोच, भाषा तीच, घाई तीच. घाबरवून पैसे काढायची सवय यांनीच लावली, चोरांनी फक्त पाटी बदलली.

व्हायरसची भीती एकेकाळी खरी होती हे मान्य. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो ब्रेन, १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला, फ्लॉपीवरून पसरायचा, आणि त्यात त्यांनी चक्क स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर टाकला होता! म्हणजे तेव्हा व्हायरस खरा आणि नंबरही खरा. नव्वदच्या दशकात पुण्यात फ्लॉप्या साफ करता करता आपल्या काटकर बंधूंचं क्विक हील अँटीव्हायरस उभं राहिलं (रहिमतपूरचे, सातारा जिल्हा, आईला याचा फार अभिमान). पण आता विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस आतच असतो, घरच्या वापराला तो पुरतो असं माझं मत आहे, कोणाला वाद घालायचा असेल तर कमेंटमध्ये घाला. आणि आजचा खरा धोकादायक व्हायरस बहुतेक वेळा गुपचूप बसतो, तो कशाला भोंगा वाजवेल?

मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय की त्यांच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. मी आईला एवढंच पाठ करायला लावलं. नंबर दिसला की खोटं.

नंबरवर फोन केला तर काय होतं ते माझ्या मावसभावाकडे न्यू जर्सीत झालं. काका सहा महिन्यांसाठी गेले होते, दुपारी घरी एकटे, असाच पॉपअप आला आणि त्यांनी लावला फोन. पलीकडच्याने रिमोटचं ॲप (त्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवता येतो ते) डाउनलोड करायला लावलं, मग इव्हेंट व्ह्युअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक नोंदींची वही, उघडून लाल पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली, हे बघा सगळे व्हायरस. ती यादी प्रत्येक चांगल्या चालणाऱ्या विंडोजमध्ये असते, तुमच्याही आहे, उघडून बघा. मग म्हणाला २९९ डॉलर, लाइफटाइम प्रोटेक्शन, गिफ्ट कार्डने द्या. काका वाचले ते सावधपणामुळे नाही, डॉलरचे मनात रुपये करायच्या सवयीमुळे. "पंचवीस हजार? अहो एवढ्यात आमच्याकडे सेकंडहँड लॅपटॉप येतो," असं चक्क हिंदीत बोलून बसले, कारण समोरच्याचा हेल इकडचाच होता. फोन कट. भावाने मग इंटरनेट तोडलं, ते ॲप काढलं आणि दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले, त्याच क्रमाने करायचं असतं.

हेल इकडचा असणं काही योगायोग नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ या सायबर फसवणुकीविरुद्धच्या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातल्या अशा खोट्या टेक सपोर्टच्या केसेस मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून होत्या. आणि आपल्या मुंबईजवळच्या मीरा रोडच्या कॉल सेंटरवरची २०१६ ची धाड आठवतेय ना, ते अमेरिकन टॅक्स खात्याच्या नावाने दम द्यायचे, धंदा वेगळा पण भीती विकायची कला तीच. आपल्याकडे कोणाचे पैसे गेलेच तर लाज बाळगत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही, जितक्या लवकर तितकं बरं.

हां, एक राहिलंच. आईच्या कॉम्प्युटरवर नंतरही कोपऱ्यात "५ व्हायरस सापडले" येत राहिलं, क्रोममधली सगळी पानं बंद असताना. ते वेगळं प्रकरण. कुठल्या तरी साइटवर स्तोत्रांची पीडीएफ उतरवताना "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा" आलं होतं आणि तिने दाबलं होतं, रोबोट नाही हे तिला पटकन सिद्ध करावंसं वाटलं असणार. त्याने साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे अलाऊच्या यादीत अनोळखी नावं दिसली की काढून टाकायची. तिच्याकडे अकरा होती. मग मी उत्साहात माझ्याकडे बघितलं तर माझ्याकडे चार. हे मी आईला सांगितलेलं नाही.

काल परत फोन आला. निळी स्क्रीन, गोल गोल फिरतंय, बंद करू नका म्हणतंय, म्हणून तिने मेन स्विच पाडला. तो विंडोजचा खरा अपडेट होता. परत चालू केल्यावर आधीचं सगळं मागे घेत बसला, चांगला दीड तास. मी म्हटलं आई, अगं त्यात फोन नंबर होता का?

"नव्हता रे. पण तोंडवळा तसाच होता."