‘बॅटरी अर्ध्या तासात संपली’ : दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

पानशेतच्या प्री-वेडिंग शूटबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि फोटोही टाकलेत, त्यामुळे ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढ्यावर न भागवता नेमकं उत्तर देता येतंय. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: आमच्याकडून भाड्याने नेलेला, ‘१२०० फ्लॅश’ लिहिलेला पॅक (बॅटरी आणि तिच्यापासून २३० व्होल्ट बनवणारा इन्व्हर्टर एकत्र) शंभरेक फोटोंत, अर्ध्या तासात संपला. दोन हेड (स्टुडिओचे मोठे फ्लॅश) लावले की तो बीप करून बंद पडायचा. दर दोन-तीन फोटोंमागे एक काळा आला. यापेक्षा गाडीत लावायचा दीड हजाराचा इन्व्हर्टर परवडला असता. आणि म्हणून भाडं परत हवं.

पॅक परत आल्यावर आम्ही तो पूर्ण चार्ज केला आणि त्याला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवला. तो १ तास ५० मिनिटं जळला. बॅटरी २२० वॅट-अवरची आहे, त्यातले साधारण १५ टक्के इन्व्हर्टरच खातो, बाहेर १८७ मिळतात. १०० वॅटचा बल्ब त्यावर इतकाच वेळ चालायला हवा. म्हणजे बॅटरीत दोष नाही. ही चाचणी कुणालाही घरी करता येते. फक्त बल्ब तारेचाच घ्या, एलईडी नको, कारण त्यावर छापलेले वॅट आणि तो खरोखर घेतो ते वॅट यांत फरक असतो.

मग १८७ वॅट-अवर गेले कुठे, ते तुमच्याच दुसऱ्या फोटोत दिसतं. फ्लॅश उडालेला नाही, तरी दोन्ही सॉफ्टबॉक्स (हेडपुढच्या, उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेट्या) पिवळसर उजळलेले आहेत. हेडमधले मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे उजेड कसा पडेल ते आधी दाखवणारे सतत जळणारे दिवे, चालू होते. तुमच्या हेडमध्ये हे हॅलोजन लॅम्प प्रत्येकी १५० वॅटचे आहेत, दोन्ही मिळून ३००. त्या दोन लॅम्पांवरच हा पॅक ३७ मिनिटांत रिकामा होतो, एकही फ्लॅश न उडवता. तुम्ही वर शंभर फोटो काढलेत, त्याचे ३० वॅट-अवर धरा. उरलेल्या १५७ मध्ये लॅम्प चालतात बरोबर ३१ मिनिटं. तुम्ही ‘अर्धा तास’ लिहिलंत, ते घड्याळाला धरूनच आहे.

आता १२०० या आकड्याबद्दल, कारण तो तुम्हाला फसवा वाटला. ४०० वॅट-सेकंदाचा हेड एका फुल पॉवर फ्लॅशला कपॅसिटरमधून (फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या भागातून) ४०० वॅट-सेकंद सोडतो. ते भरताना चार्जिंग सर्किटमध्ये नुकसान होतं, त्यामुळे आमच्या पॅकमधून तो सव्वापाचशेच्या वरच ओढतो. ३६०० वॅट-सेकंद म्हणजे १ वॅट-अवर. तेव्हा एका फ्लॅशला साधारण ०.१५ वॅट-अवर लागतात आणि १८७ मध्ये साडेबाराशेच्या आसपास फ्लॅश बसतात. हा आकडा एका हेडचा, लॅम्प बंद असतानाचा. दोन हेडना तो निम्मा होतो, सहाशे. पॅकच्या हँडलला बांधलेल्या पिवळ्या कार्डावर ‘१ हेड, ४०० वॅट-सेकंद, मॉडेलिंग लॅम्प बंद’ एवढंच छापलेलं आहे, आणि ते कार्ड तुमच्या पहिल्या फोटोत लोंबकळताना दिसतं.

अर्थात लॅम्प तुम्ही सुरुवातीला बंद केलेही असतील. बऱ्याच हेडमध्ये वीज जाऊन परत आली की लॅम्प आपोआप लागतो, आणि तुमचा पॅक तर सारखा ट्रिप होत होता, म्हणजे आपोआप बंद पडत होता. चारच्या उन्हात सॉफ्टबॉक्समागचे दीडशे वॅट डोळ्यांना जाणवतसुद्धा नाहीत. म्हणून पॅक दर वेळी पुन्हा चालू केल्यावर हेडच्या मागचा, लॅम्प चालू असल्याचं दाखवणारा छोटा दिवा बघायचा. संध्याकाळी फोकससाठी उजेड लागतोच, तर हॅलोजनचं होल्डर साध्या ई-२७ स्क्रूचं असल्यास त्यात १० वॅटचा एलईडी लावा आणि लॅम्पचं डिमर ‘फुल’वर ठेवा. डिमरवर तो लुकलुकतो.

ट्रिप होण्याचं कारणही तेच. या पॅकचा इन्व्हर्टर सतत ३०० वॅट देतो आणि क्षणभर ६००. तुमच्या लॅम्पांनी ते ३०० आधीच घेतले होते. वर दोन्ही हेड एकदम रिचार्ज व्हायला लागले की मागणी मर्यादेबाहेर जाते आणि संरक्षण सर्किट पॅक बंद करतं. ते बंद पडणं हा बिघाड नाही. ते सर्किट नसतं तर इन्व्हर्टरचे मॉसफेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) जळाले असते. लॅम्प बंद असते तर एका हेडला फुल पॉवरला पुन्हा भरायला पावणेदोन-दोन सेकंद आणि दोघांना मिळून साडेतीन सेकंद लागले असते. घरच्या सॉकेटवर तोच हेड सेकंदात तयार होतो, त्यामुळे सवय स्टुडिओची असेल तर हे फार वाटतं. काळे फोटो इथूनच येतात. हेड ‘रेडी’ झालेला नसताना ट्रिगर दिला तर काही हेड उडतच नाहीत, काही अर्धवट भरलेले उडतात. हेडचा बीप चालू ठेवा आणि तो वाजल्यावरच शटर दाबा. नवरा-नवरी पळताहेत, ओढणी उडतेय असे फोटो फुल पॉवरवर एका पॅकवर निघत नाहीत, हे खरंच आहे.

पॅक चालू करण्याचा क्रम: आधी पॅक, मग पहिला हेड, तो भरल्याचा बीप ऐकायचा, मगच दुसरा. सुरुवातीला कपॅसिटर पूर्ण रिकामे असतात आणि दोन्ही एकदम लावले तर तो झटका सर्वांत मोठा असतो. हेड दोन असतील तर दोन पॅक, प्रत्येकाला स्वतंत्र, हा सगळ्यात चांगला उपाय. मात्र दोन पॅकचं आउटपुट एकाच एक्स्टेंशन बोर्डावर जोडायचं नाही, कधीच नाही. दोन इन्व्हर्टरांच्या लहरी एकमेकींशी जुळलेल्या नसतात आणि पहिल्याच क्षणी एक तरी जळतो.

तुमच्या फोटोंतल्या सावल्या बघता सगळं काम फुल पॉवरवर झालंय, आणि त्या उन्हात ते साहजिक आहे. निरभ्र उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० ला ॲपर्चर एफ ११ च्या आसपास येतं आणि मोठ्या सॉफ्टबॉक्समागे ४०० चा हेड तिथपर्यंत जेमतेम पोचतो. पण सॉफ्टबॉक्स जोडप्यापासून दोन मीटरवर होता. तो १.४ मीटरवर आणला तर पूर्ण एक स्टॉप (दुप्पट उजेड) मिळतो, म्हणजे तोच उजेड निम्म्या पॉवरवर, निम्म्या बॅटरीत आणि निम्म्या वेळात. सूर्यास्ताच्या आधीचा तास घेतला तर पाव पॉवर पुरते आणि त्याच बॅटरीत चौपट फ्लॅश निघतात. एनडी फिल्टरने (लेन्सपुढच्या काळपट काचेने) बॅटरी वाचत नाही. तो ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कापतो. हाय-स्पीड सिंकमध्ये (फार वेगवान शटरबरोबर फ्लॅश वापरायच्या सोयीत) तर हेडचा बराचसा उजेड वायाच जातो.

गाडीच्या इन्व्हर्टरची तुलना मात्र मान्य नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपियरचा असतो, म्हणजे १२ व्होल्टला १२० ते १८० वॅट. हेड भरायला लागला की आधी फ्यूज उडतो. दुसरं, हे स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गोलसर लहर) देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी लहर देतात. हेडचे कपॅसिटर लहरीच्या टोकाच्या व्होल्टेजपर्यंत भरतात. २३० व्होल्टच्या साइन वेव्हला ते टोक ३२५ व्होल्टच्या आसपास स्थिर असतं. चौकोनी लहरीत ते बॅटरी उतरेल तसं आणि लोडप्रमाणे हलतं. मग एक्सपोजर फोटोगणिक बदलतं, लॅम्पचा डिमर गुणगुणतो, आणि काही हेडचं चार्जिंग सर्किट कायमचं जातं. हेडच्या दुरुस्तीपुढे आमचं भाडं किरकोळ आहे. घरचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपियर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी विजेच्या दृष्टीने चालेल, पण ती पन्नास किलोच्या वर, आणि आडवी झाली की डिकीत ॲसिड.

पॅक तुम्ही बोनेटवर उन्हात ठेवलेला दिसतो. लिथियम सेलना ते चालत नाही. तापले की संरक्षण सर्किट बॅटरी शिल्लक असतानाही पॅक बंद करतं. तो सॉफ्टबॉक्सच्या सावलीत, स्टँडच्या खालच्या हुकाला टांगा. तीन किलोंचं वजन वाऱ्यात स्टँडही धरून ठेवतं. पाण्याकाठी ओल्या मातीवर नको. आणि जागा बदलताना पॅक बंद करत जा: रिकामा चालू असतानाही तो दहाएक वॅट खातो, तीन तासांत त्याचे दीड-पावणेदोनशे फ्लॅश होतात.

शेवटी तुम्ही लिहिलंय की स्वतःचा असाच पॅक घेऊन उदयपूरच्या लग्नाला विमानाने नेणार. थांबा. १०० वॅट-अवरपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० विमान कंपनीच्या परवानगीने, त्यावरची प्रवासी विमानात नेताच येत नाही. चेक-इन बॅगेत तर सुटी बॅटरी कुठलीच नाही. २२० चा पॅक पुण्याच्या लोहगाव विमानतळावरच राहील. तुमच्या कामाला इन्व्हर्टरऐवजी आतच बॅटरी असलेला हेड योग्य. उदाहरणार्थ गोडॉक्स एडी ६०० प्रो: बॅटरी २८.८ व्होल्ट, २६०० मिलिअँपियर-अवर, म्हणजे ७५ वॅट-अवर, आणि कंपनी ३६० फुल पॉवर फ्लॅश सांगते. ६०० गुणिले ३६० हे ६० वॅट-अवर होतात. बॅटरीतला ८० टक्के भाग थेट फ्लॅशमध्ये, कारण मधे २३० व्होल्ट बनवण्याचा वळसाच नाही. पुन्हा भरायला ०.९ सेकंद. तुमचे बोवेन्स माउंटचे (हेडला अडकवायच्या त्या जोडणीचे) सॉफ्टबॉक्स त्याला तसेच बसतात.

भाड्याबद्दल: पॅक चाचणीत पूर्ण क्षमतेने चालला, त्यामुळे ते परत करणार नाही. अनामत पूर्ण परत झालेलीच आहे. उदयपूरच्या आधी तुमचे दोन्ही हेड काउंटरवर घेऊन या, वॅटमीटर लावून प्रत्येक हेड किती ओढतो आणि किती वेळात भरतो ते समोरच मोजून देऊ, त्याचे पैसे नाहीत. येताना लॅम्पही घेऊन या. एका हेडमध्ये कंपनीच्या १५० ऐवजी २५० वॅटचा बसवलेला असतो, असंही कधीकधी निघतं.