आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे

पॉप आणि आयमॅप या मेल कंपनीच्या सर्व्हरवरचे मेल आपल्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर बघण्याच्या दोन पद्धती. त्यांच्याबद्दल गेल्या महिनाभरात एकच सल्ला मला तिघांनी पुढे पाठवला: 'पॉप जुनाट आहे, आजच बंद करा. ते मेल सर्व्हरवरून पुसून टाकतं, त्यात पासवर्ड उघडा जातो. आयमॅप लावा, मेलचा बॅकअप आपोआप होतो.' यातल्या शेवटच्या वाक्यावर विसंबून लोकांचे मेल कायमचे जातात, म्हणून हे लिहितोय.

आधी पुसण्याचं. पॉपमध्ये मेल उतरवून घेण्याची आज्ञा वेगळी आणि पुसण्याची वेगळी. दुसरी द्यायची की नाही, ते आपला मेल प्रोग्राम ठरवतो. थंडरबर्डमध्ये मेल सर्व्हरवर राहू देण्यासाठी टिक करायची चौकट आहे, हवं तर किती दिवस तेही सांगता येतं. जीमेल तर पॉपने मेल उतरवल्यावर मूळ प्रतीचं काय करायचं, हे स्वतःच्या सेटिंगमध्येच विचारतं. न बघता खातं जोडलं तर मेल जाऊ शकतात, हे मात्र खरं.

पासवर्डचा मुद्दा दोन्हींना सारखाच लागू आहे. पॉपचं ११० आणि आयमॅपचं १४३ ही जुनी पोर्टं (सर्व्हरशी जोडणीच्या दारांचे क्रमांक) मुळात उघडी. ९९५ आणि ९९३ वर सगळं कूटबद्ध होऊनच जातं. आपल्या सेटिंगमधला आकडा तेवढा बघा.

आता बॅकअप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आयमॅप रचलं, ते मेल सर्व्हरवरच ठेवून कुठल्याही मशीनवरून हाताळता यावेत म्हणून. म्हणजे फोन, लॅपटॉप, घरचा कॉम्प्युटर ही सगळी एकाच कपाटाची दारं. एका दारातून काढलेली वस्तू दुसऱ्या दारातून कशी दिसेल?

आमच्या शेजारच्या काकांचं नेमकं हेच झालं. जागा भरल्याची सूचना आली म्हणून त्यांनी फोनवर जुने मेल निवडून निवडून डिलीट केले. त्यात प्रॉव्हिडंट फंडाचा सगळा पत्रव्यवहार होता, परदेशातल्या मुलाची पहिल्या वर्षातली लांबलचक पत्रं होती. 'कॉम्प्युटरवर आहेत ना रे ते, बघ जरा,' म्हणून त्यांनी मला बोलावलं, तोवर दोन महिने उलटले होते. आम्ही फोल्डर उघडला. वर्षांची नावं दिलेले फोल्डर जागेवर होते, आत काही नव्हतं. फोनवर पुसलेलं सर्व्हरवर पुसलं गेलं, आणि कॉम्प्युटरने सर्व्हरचं ऐकलं. कचरापेटीची मुदत ३० दिवसांची, तीही संपलेली. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत बसले.

रोजच्या वापराला आयमॅपच घ्या, असं मीही सांगतो. दोन ठिकाणी मेल बघणाऱ्याला पॉप गैरसोयीचं आहे: ते फक्त इनबॉक्स उतरवतं, आणि एका मशीनवरून पाठवलेलं उत्तर दुसरीकडे दिसत नाही. पण प्रत वेगळी काढावीच लागते. थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे फक्त आपल्याच कॉम्प्युटरवर राहणाऱ्या फोल्डरमध्ये, मेल कॉपी करा. मूव्ह नको, नाहीतर सर्व्हरवरून जातील. किंवा घरच्या एका कॉम्प्युटरवर पॉप लावा आणि मेल सर्व्हरवर राहू देण्याची ती चौकट टिक करा. जीमेल असेल तर गूगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घेण्याच्या सेवेतून सगळे मेल एमबॉक्स या मेल साठवायच्या प्रकारच्या फाइलमध्ये मिळतात.

काकांच्या कॉम्प्युटरवर आता लोकल फोल्डर्स आहेत. मुलाने त्याच्याकडच्या पाठवलेल्या मेलमधून सापडली तेवढी पत्रं परत धाडली, ती आम्ही सगळ्यात आधी तिथे ठेवली.