न सांगता हॉटेल सोडलं तर चालतं का? एक खुलासा

ठाणे-नवी मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: 'पैसे ऑनलाइन भरलेत ना? मग दाराचं की-कार्ड खोलीत टाका आणि निघा. रिसेप्शनला सांगायची गरज नाही, वेळ झाली की चेक-आउट आपोआप होतं.'

हे अर्धंच खरं. पैसे चुकते असतील तर न सांगता गेलात म्हणून कोणी पाठलाग करत नाही. पण आपोआप सहसा काही होत नाही. काउंटरवरच्या यादीत 'खोली आज सुटणार' एवढंच दिसतं. सुटली हे कुणीतरी बघून नोंदवावं लागतं. हाउसकीपिंगवाला दार ठोठावतो, आत पलंगावर ओला टॉवेल, प्लगला चार्जर. पाहुणा गेला की खाली वडापाव खायला उतरलाय? वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये प्रदर्शन असलं आणि पुढचा पाहुणा बॅग घेऊन लॉबीत बसला असला, की हा घोळ चांगलाच नडतो.

डिपॉझिट परत घ्यायचं असेल, रात्री खोलीवर काही मागवलं असेल किंवा ऑफिसला जीएसटीचं बिल द्यायचं असेल, तर काउंटरवर थांबाच. बिलात कंपनीचा जीएसटी क्रमांक मागाहून घालून घेणं म्हणजे फोनवर फोन! काही मोठ्या हॉटेलांत कार्ड टाकायला पेटी असते. तेही कळवणंच झालं. एरवी खोलीतल्या फोनवरून 'निघतोय' म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी पुरतं.