वंशावळीत नाझीर सहा वेळा आला, म्हणून काय झालं?

अरबी घोड्यांच्या शौकिनांमध्ये एक मजकूर हातोहात फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: अस्सल अरबी घोडा पाच मूळ माद्यांच्या पाच घराण्यांतलाच, घराणं कळलं की ठेवण कळते, सर्वांत शुद्ध रक्त इजिप्शियन, वंशावळीत नाझीर (इजिप्तचा एक गाजलेला नर घोडा) जितक्या वेळा, तितका घोडा उजवा, आणि बाप नावाजलेला असून जुना दाखला हाती असेल तर पुढे काही तपासायला नको. शेवटी शेरा, खाण तशी माती. यातलं सगळंच खोटं असतं तर उत्तर देणं सोपं गेलं असतं. प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे आणि त्याच्या आडून बरंच काही खपवलेलं आहे.

"पाच माद्या, पाच घराणी"

पैगंबरांनी तहानलेला कळप पाण्याकडे सोडला, वाटेतच शिंग फुंकलं, आणि पाण्याला तोंड न लावता पाचच माद्या माघारी आल्या, अशी ती कथा. गोष्ट म्हणून झकास. पण त्या पाच कोणत्या, यावर जुन्या याद्यांचंच एकमत नाही. कुहैलान, सकलावी, उबय्यान, हमदानी, हदबान ही यादी आज जास्त चालते. दुसऱ्या याद्यांत दहमान किंवा मुनिकी येतो आणि मग यांतल्या कोणाला तरी बाहेर बसावं लागतं. पोटघराणी धरली, जसं सकलावी जदरान, कुहैलान अजूझ, दहमान शहवान, हदबान इन्झाही, तर मोजदाद पाचावर कधीच थांबत नाही.

घराणं आईकडून चालतं, आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही आईकडूनच येतो. त्यामुळे हा दावा प्रयोगशाळेत तपासता येतो आणि तो तपासलाही गेला आहे. एका घराण्याची एकच मूळ आई असती, तर त्या घराण्याचं नाव लावणाऱ्या सगळ्या घोड्यांचा हा डीएनए जुळायला हवा होता. तो जुळला नाही.

"घराणं कळलं की ठेवण कळते"

हा विचार अरबी घोड्यांवर लिहिणारे कार्ल रासवान यांनी 20व्या शतकात लोकप्रिय केला: कुहैलान भरदार, सकलावी नाजूक, मुनिकी लांबट आणि वेगवान. आता नाझीरकडेच पाहा. जन्म 1934, आई बिंत समीहा, म्हणून घराणं हदबान इन्झाही. त्याचा मुलगा मोराफिक, जन्म 1956, आई मब्रूका, आजी मोनियत अल नुफूस. म्हणून मोराफिक सकलावी जदरान. बाप हदबान, मुलगा सकलावी, आणि बापाकडून निम्मे जनुक आलेले असूनही घराण्याच्या नावात बापाचा मागमूस नाही.

दहाव्या पिढीत 1024 जागा असतात. घराण्याचं नाव त्यातल्या एकाच जागेवरून, आईच्या आईच्या आईच्या टोकाला असलेल्या मादीवरून येतं. तिचा सरासरी वाटा हजारात एक. तिच्याकडून हमखास येतो तो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, साधारण 16 हजार 700 अक्षरांचा. घोड्याचा एकूण जनुकसंच सुमारे 270 कोटी अक्षरांचा आहे. मान, पाठ, पाय, चाल हे सगळं या दुसऱ्या आकड्यात ठरतं. घराणं लिहून ठेवावं, आईची ओळ शोधायला ते कामाला येतं. त्यावरून घोडा पसंत करू नये.

"इजिप्शियन म्हणजे सर्वांत शुद्ध"

"स्ट्रेट इजिप्शियन" याचा अर्थ एवढाच की वंशावळीची प्रत्येक ओळ इजिप्तच्या ठरावीक पागांशी जोडलेल्या घोड्यांपर्यंत जाते: अब्बास पाशा, अली पाशा शरीफ, राजघराणं, कृषी संस्था आणि त्यांच्याशी निगडित पागा. ही संग्रहाची कुंपणं आहेत. आतले घोडे अरबस्तानातून आणि सीरियाच्या वाळवंटातूनच आणलेले. त्याच वाळवंटातले बहरीन आणि सौदी अरेबियातले घोडे या व्याख्येत बसत नाहीत. त्यामुळे ते कमअस्सल ठरतात का?

इजिप्तचा मानबिंदू मानला जाणारा नाझीर घ्या. त्याच्या आईचा बाप कझमीन इंग्लंडमध्ये, ब्लंट दांपत्याने 1878 मध्ये सुरू केलेल्या क्रॅबेट पागेत जन्मला आणि 1920 च्या खरेदीत इजिप्तला आला. कझमीनचा बाप सोताम, त्याचा बाप अस्त्रालेद, आणि अस्त्रालेदची आई क्वीन ऑफ शेबा, जी ब्लंट यांनी थेट बदूंकडून, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांकडून मिळवली होती. म्हणजे कैरोच्या पागेशी संबंध नसलेली घोडी नाझीरच्या रक्तात आहे. याने नाझीर उणा होत नाही. कुंपण कुठे घालायचं हे माणसांनी ठरवलं, एवढंच यातून दिसतं.

जागतिक अरबी अश्व संघटनेची, म्हणजे वाहोची व्याख्या तर याहून रुक्ष आहे: संघटनेने मान्य केलेल्या नोंदवहीत ज्याचं नाव आहे तो शुद्ध अरबी. पोलंडचा बास्क, जन्म 1956, बाप वित्राझ, आई बालिया. त्याची आईची ओळ शामरायुव्हकापाशी थांबते. तिला बदूंचं घराणं नाही, जुन्या पोलिश जमीनदारांच्या पागेतली ती ओळ. तरी बास्क शुद्ध नोंदलेला आहे आणि अमेरिकेतल्या अरबी पैदाशीवर त्याचा ठसा मोठा आहे.

"नाझीर जितक्या वेळा, तितका घोडा उजवा"

इथे पेन्सिल घेऊन बसावं लागतं. आईबाप ही पहिली पिढी, आजे-आज्या दुसरी, पाचव्या पिढीत 32 जागा. पाच पिढ्यांच्या तक्त्यात मिळून 62 नावं. दुसऱ्या पिढीत आलेल्या एका नावाचा सरासरी वाटा 25 टक्के, तिसऱ्या पिढीत 12.5, पाचव्या पिढीत 3.125. म्हणजे नाझीर पाचव्या पिढीत सहा वेळा आला तर वाटा 18.75 टक्के, आजोबा म्हणून एकदाच आला तर 25. सहा वेळा लाल शाईने अधोरेखित केलेलं नाव एका आजोबापेक्षा कमी भरतं.

बरं, ही सरासरी आहे. आईबापांकडून नेमके निम्मे जनुक येतात, पण त्या निम्म्यात कोणत्या आजोबाचे किती, हे प्रत्येक शिंगराच्या वेळी नव्याने ठरतं. एकाच आईबापांची सख्खी भावंडं इतकी वेगळी निघतात ती यामुळे.

रक्ताचा वाटा आणि इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मजकुरात त्यांची सरमिसळ झाली आहे. इनब्रीडिंग तेव्हाच होतं, जेव्हा तेच नाव बापाच्या आणि आईच्या अशा दोन्ही बाजूंना असतं. हिशोब असा: नाव बापाच्या बाजूला ज्या पिढीत आहे तो आकडा आणि आईच्या बाजूचा आकडा यांची बेरीज करा, एक वजा करा, आणि तितक्या वेळा एकाला अर्धं करा. दुसऱ्या पिढीत दोन्हीकडे असेल तर 2 अधिक 2 वजा 1, म्हणजे तीनदा अर्धं: 12.5 टक्के. तिसऱ्या पिढीत दोन्हीकडे: पाचदा अर्धं, 3.125 टक्के. नाव अनेकदा असेल तर बापाकडच्या प्रत्येक जागेची आईकडच्या प्रत्येक जागेशी जोडी लावून बेरीज करायची. तो पूर्वज स्वतः इनब्रीड असेल तर आकडा त्या प्रमाणात आणखी चढतो.

समजा एका शिंगराच्या बापाचा बाप मोराफिक, आईचा बाप अन्साता इब्न हलीमा, आणि आईची आई नाझीरची मुलगी. मोराफिक आणि इब्न हलीमा दोघेही नाझीरचे मुलगे. नाझीर तिसऱ्या पिढीत तीनदा: बापाकडे एकदा, आईकडे दोनदा. वाटा 37.5 टक्के, इनब्रीडिंग 3.125 दुणे 6.25 टक्के. आता मोराफिकच्या जागी नाझीरशी नातं नसलेला घोडा ठेवा. वाटा 25 टक्के उरतो, पण नाझीरमुळे येणारं इनब्रीडिंग थेट शून्य, जरी त्या शिंगराची आई सावत्र भावंडांची मुलगी असल्याने स्वतः 12.5 टक्के इनब्रीड असली तरी. नुसती नावं मोजणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

इनब्रीडिंगने ठेवण पक्की होते, हे खरं. पण ते गुण बघून पक्कं करत नाही. दोन सारख्या प्रती एकत्र आणतं, मग त्या डौलदार मानेच्या असोत की आजाराच्या. जनुकीय चाचणी होते असे अरबी घोड्यांतले तीन मुख्य आजार पाहा. एससीआयडीमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीच न घडणाऱ्या आजारात, शिंगरू जन्मतः धडधाकट दिसतं, चिकातून मिळालेलं संरक्षण ओसरलं की संसर्गांनी साधारण पाच-सहा महिन्यांच्या आत दगावतं. सेरेबेलर अॅबायोट्रॉफीत, म्हणजे तोल सांभाळणारा मेंदूचा भाग झिजण्याच्या आजारात, बहुधा दीड ते चार महिन्यांच्या वयात डोकं थरथरू लागतं, पावलं फेंगडी पडतात, उपाय नाही. लॅव्हेंडर फोल सिंड्रोमचं शिंगरू फिकट जांभळट-रुपेरी रंगाचं जन्मतं आणि उभंच राहू शकत नाही. हा दोष मुख्यतः इजिप्शियन ओळींत आढळतो, म्हणजे "सर्वांत शुद्ध" म्हणून गौरवलेल्यांतच.

तिन्हींत दोषाची एकच प्रत असलेला घोडा, म्हणजे वाहक, निरोगी दिसतो आणि स्पर्धाही जिंकतो. वाहक गुणिले वाहक केलं तर दर शिंगरामागे आजाराची शक्यता चारात एक. वाहक गुणिले निर्दोष केलं तर आजारी एकही नाही, निम्मी वाहक. म्हणून चांगला वाहक घोडा बाद करायची गरज नसते, घोडी तपासून घ्यावी लागते. नमुना म्हणून आयाळीचे किंवा शेपटीचे 20 ते 30 केस मुळासकट उपटून घेतात. कात्रीने कापलेले केस चालत नाहीत, कारण हवा असलेला डीएनए मुळाच्या गाठीत असतो. केस कोरडे असावेत, कागदी पाकिटात ठेवावेत आणि दोन घोड्यांचे एकत्र होऊ देऊ नयेत.

"बाप नावाजलेला, दाखला जुना, मग तपासायचं काय?"

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. जुना अरबी दाखला, ज्याला हुज्जा म्हणतात, त्यात बहुधा घोड्याचं घराणं, आईचं घराणं, बापाचं घराणं, टोळी आणि साक्षीदारांच्या मोहरा असतात. आईबाप नेमके कोण, हे पुष्कळदा त्यात नसतं. 19व्या शतकात बसऱ्याकडून गलबतांनी मुंबईत उतरणाऱ्या घोड्यांचं घराणं तर बरेचदा व्यापाऱ्याच्या तोंडीच असायचं. नोंदवह्या आल्या तरी रक्तगटाच्या चाचण्या सुरू होईपर्यंत पितृत्वाचा आधार पागेच्या वहीपलीकडे नव्हता. तेव्हा कागदी घोडे नाचवण्याआधी काही गोष्टी घरबसल्या पडताळता येतात.

पहिला रंग. आईबाप दोघेही चेस्टनट, म्हणजे आयाळ-शेपटीसकट तांबूस असतील तर शिंगरू चेस्टनटच होतं; बे (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपटी) किंवा काळं नोंदलं असेल तर कुठेतरी चूक आहे. ग्रे, म्हणजे जन्मतः गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जाणारा घोडा. त्याच्या आईबापांपैकी निदान एक ग्रे असलाच पाहिजे, कारण हा गुण पिढी गाळून येत नाही. उलट बाजूने चूकही होते: लहानपणीच नोंदलेला ग्रे वहीत बे म्हणून राहून गेलेला असतो, तेव्हा आरोप करण्याआधी मोठेपणीचा फोटो पाहावा.

मग तारखा. गाभणकाळ साधारण 11 महिने. त्या काळात बाप त्याच देशात होता का, जिवंत होता का? एका घोडीच्या नावावर एकाच मोसमात दोन शिंगरं असतील तर जुळी, भ्रूणरोपण किंवा गफलत, यांतलं एक. गोठवलेल्या वीर्यामुळे मेलेल्या घोड्याचीही संतती आज कायदेशीर असते, पण 1930 च्या नोंदीला ती सबब चालत नाही.

नावांचे घोळ वेगळेच. इजिप्तचा रफात सोव्हिएत संघात गेल्यावर अस्वान झाला. कझमीनची स्पेलिंगं दोन-तीन आहेत. नावाआधीचा तारा म्हणजे अमेरिकेत आयात, नावापुढचं ओए म्हणजे वाळवंटातून आणलेला. नाव जुळलं म्हणून घोडा तोच समजू नये. जन्मवर्ष, रंग आणि आई ही तिन्ही जुळवावीत.

नावाजलेल्या बापाचं म्हणाल, तर सारंगखेड्याच्या यात्रेत देवमन, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा पाहून बोली वाढते, तसाच हा प्रकार. ज्या घोड्याला हजार घोड्या दाखवल्या आणि त्याही निवडक, त्याचे पन्नास विजेते निघाले. दुसऱ्याला साठ सामान्य घोड्या मिळाल्या आणि सहा निघाले. जाहिरातीत पन्नास आणि सहा हे आकडे छापतात. तुम्ही एकूण नोंदलेली शिंगरं मागा, ती किती आयांपासून झाली ते विचारा, आणि त्याच आयांनी दुसऱ्या घोड्यांपासून काय दिलं तेही पाहा. आईचं शिंगरू दरवेळी चांगलंच निघत असेल, तर ज्याचे पैसे तुम्ही बापाला मोजताय ते श्रेय घोडीचं आहे.