वाकडं बोट

सकाळपासून तो व्हिडिओ मला अकरा जणांनी पाठवला. अकरावा आमच्या मेव्हण्याचा. खाली तीन आगीची चित्रं आणि "दाजी, तुमच्याच लायनीतला दिसतोय."

नाही रे बाबा, माझ्या लायनीतला नाही. म्हणजे होता. तेच लिहायला बसलोय.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी. विशी-बाविशीतला पोरगा, गॉगल, टी-शर्टवर मोठ्या अक्षरात 'सर्पमित्र', हातात चांगला पाच फुटी नाग. कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस, भिंतीवर फुगे, केक. हा गडी नागाला शेपटीनं धरून फणा काढायला लावतो आणि मागनं वाकून फण्यावर ओठ टेकवतो. मागं डीजेचं गाणं. मग वाढदिवसवाल्या चिमुरड्याचा हात धरून नागाच्या अंगावरून फिरवतो. आणि पोराची आई? ती शूटिंग करतेय. हसत. सव्वा लाख लाईक. खाली "जिगर लागते भावा", "हर हर महादेव", "आपला वाघ".

वाघ म्हणे.

आता तुम्ही माझ्या यादीत आहात म्हणजे साप दिसला की पहिली काठी शोधणारे नाही, हे मी धरूनच चालतो. साप मारणाऱ्यांवर ही पोस्ट नाही. घाबरून मारणाऱ्याचा मला आताशा रागसुद्धा येत नाही, त्याच्या घरात लेकरं असतात, अंधार असतो. माझा राग आहे तो सापावर प्रेम करतो असं सांगणाऱ्यांवर. त्या पोरासारख्यांवर. २०११ सालच्या माझ्यावर.

२०११ चा श्रावण, नागपंचमी होऊन आठवडा झाला असेल. वारणाकाठची एक वस्ती, ऊस अगदी अंगणाला टेकलेला. एका काकूंच्या न्हाणीघरात बंबाच्या मागं नाग बसला होता. त्यांनी घरातल्या बाप्यांना दारातच अडवलं, "मारायचा नाय, पोराला फोन लावा." पोरगा म्हणजे मी. सत्तावीस वर्षांचा, पंचक्रोशीत नाव झालेलं, दोन वेळा पेपरात फोटो आलेला. गाडी दामटत गेलो. हुक, म्हणजे साप उचलायची आकड्याची लांब काठी, गाडीला बांधलेला होता. हे लक्षात ठेवा. हुक होता, आणि तो गाडीलाच राहिला.

कारण अंगणात चाळीस माणसं जमलेली. चाळीस माणसांसमोर काठीनं साप उचलला तर काय मजा?

नाग पकडण्यात मजा नसतेच मुळी, नीट पकडला तर. बघणारा कंटाळतो. तीन इंची पीव्हीसी पाईपचा दीड-दोन फुटी तुकडा घ्यायचा, प्लंबरकडे उरलेला फुकटसुद्धा मिळतो. त्याच्या एका तोंडाला काळी कापडी पिशवी घट्ट बांधायची. माझी पिशवी बायकोनं जुन्या परकराची शिवलीय, दुहेरी शिवण घालून, जाताना पुटपुटत. पाईपचं उघडं तोंड भिंतीच्या कडेनं नागासमोर ठेवायचं आणि आपण मागं सरून लांब हुकानं त्याला नुसतं सुचवायचं. त्याला हवी असते अंधारी जागा. पाईप त्याला बीळ वाटतो. तो आपल्या पायानं, म्हणजे पोटानं, आत जातो. मग पिशवीला पीळ, वर गाठ, आणि धरायची ती गाठीच्या वर, कारण कापडातनंही दात लागतो. झालं. फणा नाही, फूत्कार नाही, माणसाचा हात सापाला लागलेला नाही. चार मिनिटांचं काम. याचा व्हिडिओ कोण बघणार? शंभर लाईक पडले तरी डोक्यावरून पाणी.

चिमट्याचंही सांगून ठेवतो, कारण हल्ली ऑनलाइन चिमटे मिळतात आणि सगळे हौशे तेच मागवतात. सापाचं अंग म्हणजे नुसता मणका आणि बरगड्या. चिमट्यानं करकचून दाबलात की वरनं काही दिसत नाही, साप सरपटत जातो, तुम्ही टाळ्या घेता, आणि तो आठ-पंधरा दिवसांनी कुठल्या तरी बांधाला मरून पडतो. सोडतानाही तेच. "लांब जंगलात नेऊन सोडला" हे वाक्य अभिमानानं लिहिणाऱ्यांनो, अनोळखी रानात त्याला ना बीळ माहीत ना पाणी. जवळच, वस्तीच्या बाहेर ओढ्याकाठी सोडायचा. लोकांना पटत नाही, शिव्या खाव्या लागतात. खायच्या.

(घोणशीबद्दल वेगळं लिहीन कधी. तिच्यापुढं हातानं खेळायची गोष्टच नाही. कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत असते तेव्हा ती तुम्हाला सांगत असते, आणि लोक अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातात! पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके दिसले की आठ-दहा फूट मागं, बास.)

तर अंगणातली चाळीस माणसं. मी न्हाणीघरात शिरलो, बंब सरकवला, शेपटी धरली आणि नागाला बाहेर अंगणात आणलं. गरज काय होती? काही नाही. तो तिथंच पिशवीत गेला असता. पण बाहेर आणला, जमिनीवर ठेवला, डिवचून फणा काढायला लावला. बाया "अगं बाई" म्हणाल्या, ते अजून ऐकू येतं. खोटं कशाला बोलू, गोड वाटलं होतं. सातवीतला एक पोरगा बापाचा नोकिया घेऊन म्हणाला, "काका, इकडं बघा ना." मी बसलो, उजवा हात फण्यामागं नेला आणि त्या नोकियाकडं बघितलं.

नागाकडं नाही. नोकियाकडं.

तर्जनीवर. दुखायला लागलं ते काही विचारू नका, उकळत्या तेलात बोट घातल्यागत. कुणीतरी दंडाला सुतळी आवळायला आलं, कुणी ब्लेड शोधायला लागलं. एवढी अक्कल मला होती, दोघांना थांबवलं. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात हलवायचा नाही, सरळ दवाखाना. मला दोघांच्या मधे गाडीवर बसवून नेलं. तालुक्याला पोचेपर्यंत पापण्या मिटायला लागल्या होत्या. झोप येत नव्हती, पापण्या उचलतच नव्हत्या. बोटानं एक पापणी वर केली तर समोर दोन डॉक्टर उभे. एकच होते. सलाईनमधनं प्रतिविषाच्या दहा बाटल्या गेल्या, मग कोल्हापूर, घशात नळी, दीड दिवस व्हेंटिलेटर. बोटावरचं मेलेलं मांस दोनदा काढलं. आज ही तर्जनी अर्ध्यातच वळते. बायको म्हणते, तूप काढायला बरं पडतं.

ते औषध कुठनं येतं माहितीय? नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांचं विष थोडंथोडं घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात. त्यासाठी लागणारं विष देशात मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या संस्थेकडून येतं, १९७८ साली निघालेली ती संस्था. ते साप धरतात, विष काढतात, परत सोडतात. म्हणजे माझ्या मस्तीची किंमत कुणीतरी आपला जीव धोक्यात घालून आधीच भरून ठेवली होती. आणि हो, इरुळा माणसं हातानं साप हाताळतात, मान्य. त्यांच्या पिढ्यानपिढ्या त्यात गेल्यात. तुझ्या गेल्यात का, गॉगलवाल्या?

दुसरं कुणीतरी खाली खैरे सरांचं नाव काढणारच, म्हणून मीच काढतो. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास बसले. ते साहसच होतं, दिखावा म्हणा हवं तर. पण त्यातनं दाखवायचं काय होतं? की डिवचलं नाही तर साप चावत नाही. तुमची रील उलटी आहे. तुम्ही डिवचता आणि तो चावला नाही याचं श्रेय स्वतःच्या हिमतीला देता. अरे, त्यानं सोडलं तुला! दहा वेळा सोडलं. नाग आधी फणा काढतो, फुत्कारतो, खोटा वार करून बघतो. चावणं हे त्याचं शेवटचं असतं, विष त्यालाही फुकट मिळत नाही.

आत्ता चहा घेऊन आलो. जरा जास्त झालं का? असू दे, खोडत नाही.

कोकणात आणि गोव्यात हे लोण आता नागराजापर्यंत, म्हणजे किंग कोब्रापर्यंत गेलंय, ते तर मला बघवत नाही. तिलारी-दोडामार्ग पट्ट्यातल्या मित्रांनो, तुमच्या रानात जगातला सगळ्यात लांब विषारी साप आहे. बारा-तेरा फुटांचा धूड असतो, दुसरे साप खाऊन जगतो, मादी पाचोळा ओढून घरटं करते. सह्याद्रीतल्या नागराजाची वेगळी जात म्हणून नोंद २०२४ साली झाली, शास्त्रीय नावात कानडी लोकांचं 'कालिंग' आलंय. आणि आपली पोरं काय करतात? चौघं मिळून त्याला आडवा धरतात, गळ्यातल्या हारासारखा. दवाखान्यातल्या त्या बाटल्या वर सांगितलेल्या चार सापांच्या आहेत. नागराज त्यात नाही. त्याच्या चाव्यावर आपल्याकडं घशात नळी आणि देव, एवढंच.

केरळात निदान काही शिस्त लागतेय. २०२० पासून तिथल्या वनखात्याचं 'सर्प' नावाचं ॲप आहे. साप दिसला की कळवायचं, प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळालेला माणूस येतो, हुक आणि पिशवी घेऊन. आणि त्याच केरळात २०२२ च्या जानेवारीत एका अतिशय गाजलेल्या सर्पमित्राला नाग पोत्यात घालताना मांडीला चावला. हजारो साप धरलेला माणूस. व्हेंटिलेटरवरून परत आला. आपल्याकडं वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, सापाचा खेळ करणं गुन्हा आहे, आणि गुन्ह्याचा पुरावा गुन्हेगार स्वतःच गाणं लावून टाकतोय.

आता म्हणाल, यांच्यामुळं निदान लोक साप मारत नाहीत, फोन करतात. हो, करतात. एवढं त्यांचं मान्य करतो. पण ऐका पुढचं.

कोल्हापुरात चौथ्या दिवशी घशातली नळी निघून बोलता यायला लागलं. मित्र भेटायला आला होता. त्याला विचारलं, "नाग कुठं सोडला?" तो मोसंबी सोलत होता. सोलतच राहिला. मग म्हणाला, "बरा हो आधी."

काकूंच्या दिरानं टिकावाच्या दांड्यानं मारला होता. मला गाडीवर घालून नेल्यावर लगेच. नाग पळाला नव्हता की कुणाच्या अंगावर गेला नव्हता. त्या सगळ्या गोंधळात माणसांच्या पायातनं वाट काढत तो परत न्हाणीघरात गेला आणि बंबामागं बसला. मी यायच्या आधी होता तिथंच. तिथं सापडला.

मी हुक काढला असता तर तो संध्याकाळी ओढ्याला लागला असता. काकूंनी सगळ्या बाप्यांना अडवून जो वाचवला होता, तो मी मारला. दांडा दिराच्या हातात होता एवढंच. घरी आल्यावर काकू भेटायला आल्या, हातात नारळ. नागाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. त्या वस्तीवरून मला परत कधी फोन आला नाही. चौदा वर्षं झाली. तिथं साप निघायचे काही थांबले नसतील.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. उसात, भातात, अंथरुणात गेलेली माणसं ही. यातल्या कुणाला गॉगल नव्हता. त्यांच्यासाठी रात्री टॉर्च, पायात बूट, पलंगाला मच्छरदाणी, गादीखाली खोचलेली, हे सांगणारा सर्पमित्र पाहिजे. त्याला फणा कशाला लागतो?

दुपारी त्या पोराच्या व्हिडिओखाली मी एवढंच लिहिलं, "भावा, पाईप वापर." त्याच्या चाहत्यांनी मला "म्हातारा जळतोय" म्हटलं. एक्केचाळीस वय आहे हो माझं. मग इनबॉक्समध्ये माझ्या बोटाचा फोटो पाठवला. बघितला. दोन निळ्या खुणा आल्या आणि ब्लॉक केलं मला.

राग येऊन हे लिहायला घेतलं, आणि आत्ता बायको मागनं वाचता वाचता म्हणाली, "अहो, हा तर आमच्या गटातल्या ताईंचा मुलगा." बचत गट. दर मंगळवारी आमच्याच ओट्यावर बसतात. ताई म्हणे गेल्या मंगळवारी सगळ्यांना मोबाईल दाखवत होत्या, आमचा मुलगा किती धाडसी म्हणून. आमच्या हिनं पण कौतुक केलं.

त्या माउलीला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. पाईपचे दोन तुकडे कापून ठेवलेत, आणि ही परकर शोधतेय.