वीरगळ नॉर्वेला पाठवायचाय? मग हे वाचाच

भावांनो, तुमच्याकडं गावच्या जुन्या दगडांचे फोटो असतील, मोजमापं असतील, दहा वर्षं रविवारी बायकोच्या शिव्या खाऊन भरलेली एक्सेल शीट असेल, आणि एखाद्या दिवशी फोन आला की "सर, आपण स्थानिक नोंदी राष्ट्रीय डेटाबेसमध्ये मर्ज करतोय, तुमचा डेटा देशाच्या कामी येईल", तर जास्त विचार करू नका. देऊन टाका. मी दिला. एकशे बारा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आणि सती गेलेल्या बायकांच्या अकरा सतीशिळा, पेनड्राइव्हसकट. पेनड्राइव्ह पण परत आला नाही, पण देशासाठी तेवढं चालतंय.

पोच मागू नका. साहेब दुखावतात.

एक्सेल दिलीच असेल तर त्याची प्रिंट, प्रिंटचं स्कॅन आणि स्कॅनची पीडीएफ पण द्या, कारण डिजिटल इंडिया.

मराठी टायपिंग जुन्या फॉन्टमध्येच ठेवा. तिकडच्या कॉम्प्युटरवर सगळ्याचे कोंबडीचे पाय होतात, मग नोंद चुकीची आहे असं कुणी म्हणूच शकत नाही.

आता मुख्य सल्ला. गावाचं नाव कधीही पूर्ण लिहू नका, आणि लिहिलंत तरी काळजी नको, ते कापतील. मागच्या आठवड्यात पोर्टल लाइव्ह झालं म्हणून मोठ्या हौसेनं चहा घेऊन बसलो. पन्हाळा सापडला, तो सापडणारच, केंद्राच्या १९५८ च्या स्मारक कायद्याखालचा आणि २०२५ पासून युनेस्कोच्या यादीतला. खिद्रापूरचा कोपेश्वर सापडला. विशाळगड राज्याच्या यादीत, तोही सापडला. पण जे दगड ना केंद्राच्या यादीत ना राज्याच्या, चावडीपुढं, पाणंदीच्या कडेला, कुणाच्या तरी परड्यात शेणाच्या ढिगाला टेकून उभे आहेत, आणि म्हणून तर आम्ही उन्हातान्हात फिरलो, ते कुठं गेले? करवीर तालुका उघडला तर रिकामा. शेवटी सापडले. बीड जिल्ह्यात. मराठवाड्यात! अहो कसबा बीड म्हणजे आमचं करवीर तालुक्यातलं गाव, जिथं पावसाळ्यात शेतात सोन्याचे बेडे, म्हणजे जुनी नाणी, सापडतात म्हणून अख्खा जिल्हा सांगतो, जिथं वीरगळांची रांगच्या रांग आहे. मर्ज करणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला 'कसबा' हा फालतू शब्द वाटला, त्यानं तो उडवला आणि शिलाहार राजांच्या मुलखातले वीर एका क्लिकवर गोदावरीच्या खोऱ्यात नेऊन ठेवले. एस्टीनं जायला अख्खी रात्र लागते हो.

आणि नकाशात? नकाशात तर ते बीडमध्ये पण नाहीत. कोल्हापूर म्हणजे अक्षांश साधारण १६.७, रेखांश ७४.२. हे दोन रकाने अदलाबदल झाले की ठिपका पडतो नॉर्वेच्या वर, आर्क्टिक समुद्रात. पत्ता मराठवाडा, ठिपका बर्फात, दगड करवीरमध्ये. एकाच वीराला तीन गावं, पगार एकाही ठिकाणचा नाही.

यात एक फायदा झाला हे मान्य करतो. मी लेखी सांगितलं होतं की सुट्या मूर्ती आणि शिळांचं नेमकं लोकेशन पब्लिकला दाखवू नका, गुप्तधनवाले रात्री टिकाव घेऊन येतात. ते त्यांनी बिनदिक्कत दाखवलंच. पण आता चोर जाणार नॉर्वेला. जाऊ दे की.

रकाने जास्त ठेवू नका. माझ्याकडं 'स्थानिक नाव' आणि 'माहिती कुणी दिली' असे दोन होते. राष्ट्रीय फॉर्ममध्ये ते बसत नाहीत म्हणून उडवले. आता दिसतं ते फक्त 'शिल्प, दगडी, मध्ययुगीन'. हा जो दगड, त्याच्या खालच्या कप्प्यात गाई वळवून नेणारे आणि आडवा पडलेला वीर, मधल्या कप्प्यात त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती पिंडीची पूजा आणि चंद्रसूर्य, त्याला तिथली आजी 'पोराचा दगड' म्हणते. लेकरू आजारी पडलं की तेल घालते. हे तिच्याकडून काढायला मला तीन रविवार लागले, आधी ती मला जमीन मोजायला आलेला समजत होती. त्यांना डिलीट करायला किती वेळ लागला असेल?

आता फोटो. स्केल घरी विसरली होती म्हणून त्या दगडाला मी माझी कापशी कोल्हापुरी चप्पल टेकवून फोटो काढला, उजव्या पायाची, अंगठ्याकडं झिजलेली. पोर्टलवर तोच फोटो, त्याच चपलेवरून आडवा शिक्का: अमुक कार्यालयाच्या सौजन्याने. चप्पल माझी, सौजन्य त्यांचं. मोठ्या साईजमध्ये डाउनलोड करायला गेलो तर लॉगिन, अर्ज, संस्थेचं पत्र आणि 'संशोधनाचा हेतू'. माझ्याच चपलेचा फोटो बघायला मी हेतू काय लिहू? फोन लावला तर म्हणे, "सर, सोर्स आम्ही नाही लावत, सिस्टिम आपोआप लावती." सिस्टिमला बरं आपोआप तुमचंच नाव सुचतं! २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, नाव घेतलं नाही, तर आपण केवढा दंगा केला, त्यांना कबूल करावं लागलं, त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली. इटलीच्या कंपनीला जे कळलं ते इथं कळायला कुठला दंगा करायचा?

बास झालं चेष्टा करून. सरळच बोलतो. दगड माझा नाही, गावाचा आहे. माहितीवर पण मी हक्क सांगत नाही, ती सगळ्यांना फुकट मिळावी म्हणूनच दिली. पण फोटो काढणाऱ्याचा असतो, १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, मी लेखी काहीही लिहून दिलेलं नाही. आणि फुकट दिलेलं तुम्ही कुलपात ठेवून वर स्वतःचा शिक्का मारता? आमच्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर संशोधक कुंदणगारांनी शोध घेतला, मग १९४५-४६ ला पुरातत्त्वातल्या सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं, तिथला तो ब्राँझचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, आज टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे आणि ऐंशी वर्षांनी पण कुणी काय केलं ते नावानिशी सांगता येतं. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा! तुम्हाला एक रकाना जास्त ठेवायला होत नाही. दोन याद्या मर्ज करायच्या म्हणजे मोठीनं छोटीला गिळायचं असतं का? मूळ नोंद तशीच ठेवा, तिला नंबर द्या, शेजारी तुमची लिहा, आजीचं नाव परत लावा, आणि गावातल्या माणसाला चूक सुधारायची सोय द्या. हे सांगायला कन्सल्टंट लागत नाही, आमच्या तलाठ्याला पण फेरफार नोंद कळते.

शुक्रवारी दुरुस्तीचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. जिल्ह्याच्या रकान्यात आधीच 'बीड' भरून ठेवलंय. बदलता येत नाही.