एईएस-२५६ आहे म्हणून की कुठेही ठेवून चालत नाही

एईएस-२५६ ही माहिती कुलूपबंद करायची पद्धत, आणि की म्हणजे त्या कुलपाची २५६ बिटांची गुप्त किल्ली. इंटरनेटला उपकरणं जोडण्याचं काम करणाऱ्यांमध्ये तिच्याबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो: “एईएस-२५६ वापरा. की फर्मवेअरमध्येच (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) लिहा, कम्पाइल होऊन मशीनच्या भाषेत गेल्यावर ती दिसत नाही. सगळ्या उपकरणांना एकच की ठेवा. २५६ बिट फोडायला अब्जावधी वर्षं लागतात, त्यामुळे ती बदलायचीही गरज नाही.” यातलं अब्जावधी वर्षांचं गणित बरोबर आहे, पण ते एकेक की लावून बघणाऱ्याला लागू पडतं. उपकरण ज्याच्या हातात आहे तो असं करत बसत नाही.

“कम्पाइल झाल्यावर की दिसत नाही.”
दिसते. बऱ्याच बोर्डांवर फर्मवेअर आठ पायांच्या एसपीआय फ्लॅश चिपमध्ये असतं. चिपला क्लिप लावली की साध्या यूएसबी प्रोग्रामरने सगळी फ्लॅश काही मिनिटांत फाइलमध्ये उतरते. पुढचं काम त्याहून सोपं. सॉफ्टवेअरमधल्या एईएसचा एस-बॉक्स, म्हणजे बाइट्सची अदलाबदल करणारा ठरलेला तक्ता, ६३, ७सी, ७७, ७बी अशा बाइट्सनी सुरू होतो. तो सापडला की तो वापरणारं फंक्शन सापडतं, मग त्या फंक्शनला बोलावणारा कोड, आणि त्या कोडमध्येच कीचा पत्ता असतो. की एक्सऑर करून (ठरावीक बिट्स उलटवून) लपवली तरी ती उलगडणारा कोड त्याच फाइलमध्ये आहे.

“एकच की, सांभाळायला सोपी.”
२०१६ मध्ये संशोधकांनी फिलिप्स ह्यूच्या स्मार्ट दिव्यातल्या चिपचा वीजवापर मोजून फर्मवेअर अपडेटची की काढली. त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत तीच की होती, म्हणून त्यांना दिवे स्वीकारतील असं स्वतःचं अपडेट बनवता आलं. एईएस शाबूतच होतं. फर्मवेअर तपासायला डिजिटल सही वापरा. मग उपकरणात फक्त सही तपासायची सार्वजनिक की राहते आणि ती चोरून काही साधत नाही.

संवादासाठी प्रत्येक उपकरणाला वेगळी की द्या. मास्टर की आणि अनुक्रमांक यांवरून एचकेडीएफने (एका कीवरून दुसऱ्या की बनवायच्या पद्धतीने) ती तयार करता येते, पण हे सर्व्हरच्या बाजूला, एचएसएममध्ये (की सांभाळणाऱ्या सुरक्षित यंत्रात) करा. मास्टर की उपकरणात टाकून तिथे गणित करणं ही नेहमीची चूक आहे. त्याने सगळं पुन्हा पहिल्या जागी येतं. त्याहून चांगलं म्हणजे एटीईसीसी६०८ सारख्या सिक्युअर एलिमेंटने (की जपणाऱ्या चिपने) कीची जोडी आतच बनवावी आणि खाजगी की बाहेर येऊच नये.

“बदलायची गरज नाही.”
सगळ्यात जास्त घात इथे होतो, कारण चाचणीत काहीच बिघडत नाही. जीसीएममध्ये, म्हणजे एईएस वापरायच्या एका नेहमीच्या पद्धतीत, प्रत्येक संदेशाला १२ बाइट्सचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) लागतो आणि एका कीसोबत तो दोनदा वापरायचा नसतो. नॉन्ससाठीचा काउंटर रॅममध्ये ठेवलाय, वीज गेली, काउंटर पुन्हा शून्यावर, आणि की तीच असल्याने तेच नॉन्स पुन्हा. आता नवा पहिला संदेश आणि जुना पहिला संदेश कुलूपबंद रूपातच एकमेकांशी एक्सऑर केले की मूळ मजकुरांचं एक्सऑर हाती येतं. सेन्सरच्या संदेशाचा साचा ठरलेला असल्याने बाकीचं ओळखता येतं. शिवाय संदेश खरा असल्याची खूण ज्या आतल्या कीवर बनते तीही काढता येते, म्हणजे खोटे संदेशही खपतात.

यावर उपाय म्हणजे फ्लॅशमध्ये आधी “१०००” लिहा, मग ० ते ९९९ वापरा. ते संपण्याआधी “२०००” लिहा. रीस्टार्टनंतर फ्लॅशमधल्या आकड्यापासून सुरुवात करा. काही आकडे वाया जातात, जाऊ द्या. जाण्या-येण्याच्या दिशांना वेगळ्या की हव्यात, नाहीतर दोन्हीकडचे काउंटर एकमेकांवर आदळतात. जमत असेल तिथे सरळ टीएलएस १.३ (वेबसाइट्सही वापरतात ती सुरक्षित जोडणीची पद्धत) घ्या, दर जोडणीला नवी की तोच बनवतो.

कायमची की बदलताना संदेशात कीचा क्रमांक घाला. नव्या कीने आलेला पहिला संदेश उलगडेपर्यंत सर्व्हरवर दोन्ही की ठेवा, जुनी पुसू नका. एकच ठेवली आणि उपकरणाचं “मिळाली” हे उत्तर वाटेत हरवलं तर सर्व्हर जुन्या कीवर अडकतो, उपकरण नव्या कीवर, आणि मग एकेका जागी जाऊन ते हाताने जुळवावं लागतं.